माझ्या बाजूचा ब्रेक

"वहिनी, खरं सांगा, तुम्ही गाडी शिकवता की स्वतःच चालवता?" दिरानं गाडीत डोकं घालूनच विचारलं आणि मला वाटलं, झालं, याची थट्टा सुरू. गॅरेज त्याचं, गाडी माझी, आणि माझ्या ड्रायव्हिंग स्कूलवर विनोद करायचा हक्क त्यानं मी या घरात आले त्याच दिवशी मिळवलेला. "भावोजी, मी ब्रेक तपासायला सांगितलाय, माझी अक्कल नव्हे," मी म्हणाले. "तोच तर तपासतोय. इकडे या, वाका जरा." मी वाकले. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन पेडलं. क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, ॲक्सिलरेटरच्या कडा तुटलेल्या. ब्रेकचं रबर मात्र नवंकोरं, त्याच्यावरच्या रेघासुद्धा शाबूत. मग त्यानं मला वळसा घालून पलीकडे नेलं, माझ्या सीटच्या पायाशी, जिथे शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक बसवलेला असतो. तिथे रबर उरलंच नव्हतं. आतलं लोखंड उघडं पडून चकाकत होतं, माझ्या चपलेच्या चवड्याएवढं, तंतोतंत. "सगळी रबरं मीच बसवली, एकाच दिवशी," दीर हात पुसत म्हणाला, "आता तुम्हीच हिशेब लावा." तो हसला, मीही हसले. हसायचंच होतं, कारण त्याची बायको चहाचे कप घेऊन समोर उभी होती आणि तिला कारण सांगत बसायचा मला कंटाळा आला होता.

घरी परत येताना मात्र हसू कुठल्या कुठे गेलं. त्या जागी राग यायला हवा होता, निदान लाज तरी, पण आलं ते भलतंच. कुतूहल. म्हणजे अगदी लहानपणी गुडघ्यावरची खपली उचकटून खाली काय आहे ते बघावंसं वाटतं ना, तसलं. कारण मला शपथेवर विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझा ब्रेक मी क्वचित वापरते, अगदी गळ्याशी आलं तरच. मी खोटं बोलले नसते. आणि ते लोखंड तर समोर दिसत होतं. मग दाबत कोण होतं? पाय माझा, चप्पल माझी, आणि मला पत्ता नाही. सिग्नलला थांबले तेव्हा मी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. शेजारच्या बिऱ्हाडात कितीतरी वर्षं राहणाऱ्या आणि नाव माहीत नसलेल्या माणसाकडे आपण पाहतो, तशी पाहत राहिले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. एरवी मी काच खाली करून त्याला चार शब्द ऐकवले असते.

हा जादा ब्रेक कसा चालतो ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळायची नाही. तो एका दांड्यानं शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. मी माझ्या बाजूनं दाबला की त्याच्या बाजूचा ब्रेकही खाली जातो. आता नवखा माणूस पुढे काही दिसलं की घाबरून ब्रेकवर पाय ठेवतो, नुसता ठेवतो, दाबायचं धाडस होईपर्यंत क्षणभर जातो. त्या क्षणभरात पायाखालचा ब्रेक अलगद खाली जातो, गाडी थांबते, आणि त्याला वाटतं आपणच थांबवली. माझा पाय हलका आहे, ही माझी ख्याती. "मॅडमच्या गाडीत धक्का बसत नाही," असं लोक एकमेकांना सांगतात आणि म्हणून माझ्याकडे येतात. गाडी थांबली की मी म्हणायचे, "शाब्बास! कसं छान थांबलात." ते खूश, मी खूश. ते थांबलेले नसायचेच. बरेचजण कसेबसे पास होऊन जात, पुढे आपापल्या गाडीत दोन-चार ठोकरा खाऊन शिकतही असतील, मला कुठे दिसायचं? माझ्या गाडीला ओरखडा नाही याचाच मला केवढा तोरा. पण सगळेच तसे निभावत नव्हते, आणि जिचं निभावत नव्हतं त्या एका बाईचा चेहरा मला जिना चढताना आठवला. मी जिन्यातच थांबले.

मी शिकणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवते. क्लचकाका, हॉर्नवाले, आरशात-बघून-केस-नीट-करणारी. या बाईंना मात्र मी ग्रंथपालबाईच म्हणत आले, कारण त्या होत्याच ग्रंथपाल आणि दुसरं कुठलं नाव त्यांना चिकटतच नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, गाडीत बसण्याआधी चपला झटकणाऱ्या. त्यांच्या वाचनालयाची एक मोठी गाडी होती, आत भिंतीभर पुस्तकं, शहराच्या कडेच्या वसाहतींमधून फिरणारी. तिचा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि वरच्यांनी सांगितलं की नवा माणूस मिळणार नाही, तुमच्यापैकी कुणी शिकत असेल तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकू. ग्रंथपालबाईंनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्यांनीच मला सांगितलं. परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या, दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर, थांबायच्या रेघेच्या पुढे गाडी गेली. आता तिसरी वेळ. त्यानंतर वरचे थांबणार नव्हते. आणि मी काय म्हणत होते इतके दिवस? "अहो, तुम्हाला येतं सगळं. माझ्याबरोबर किती सुरेख थांबता. परीक्षा म्हटली की धीर सोडता, मन घट्ट करा." मन घट्ट करा! जिन्यात उभ्या उभ्या माझे कान गरम झाले. परीक्षा घेणारे साहेब माझ्याच सीटवर बसतात, पण पाय दुमडून. तिथे ब्रेकवर पाय एकट्या बाईंचाच होता, आणि त्याला दाबायची सवयच नव्हती.

ठरवलं, उद्यापासून पाय लावायचा नाही. आता माझ्या ठरवण्याबद्दल थोडं सांगते. मी साखर सोडायची ठरवलेली आहे, सकाळी चालायला जायचं ठरवलेलं आहे, लेकीच्या फोनवर तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं ठरवलेलं आहे. माझ्या निश्चयांच्या पायऱ्या सगळ्या मला पाठ आहेत: आधी दात आवळायचे, मग दोन दिवस जगाला तुच्छ समजायचं, आणि तिसऱ्या दिवशी कपाटामागचा साखरेचा डबा आपोआप हातात. नवरा यावर काही बोलत नाही. तो कशावरच फारसं बोलत नाही. "बघ तुझं तू," म्हणतो आणि वर्तमानपत्र उलटतो. तर दुसऱ्या दिवशी मी दात आवळून गाडीत बसले. बंद पडलेल्या गिरणीचं मोठं आवार आम्ही सरावाला वापरतो, पलीकडच्या टोकाला भिंत आणि भिंतीला टेकवून जुने टायर रचलेले. ग्रंथपालबाई गाडी सरळ घेत होत्या. मी पाय सीटखाली दुमडला, वर दुसरा पाय ठेवला. भिंत जवळ आली, मी बाहेर बघितलं, कावळा बघितला, आणि गाडी नेहमीसारखी अलगद थांबली. "जमलं," त्या म्हणाल्या. मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ब्रेकवर होता. कधी सुटला, कसा गेला, देवालाच ठाऊक. मी त्याला अक्षरशः म्हणाले, "अरे गाढवा." ग्रंथपालबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाही," मी म्हणाले.

मग मी त्या पायावर सूड उगवल्यासारखे उपाय केले. चपलेची पट्टी सीटच्या दांडीला अडकवली, तर पाय चपलेतून निघून आला. पायाखाली पाण्याची बाटली ठेवली, ती चेपली. डबा ठेवला, त्यातली भाजी सांडली आणि दिवसभर गाडीला तेलाचा वास. एका बाजूला वैताग, आणि दुसरीकडे खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली होती. इतकी वर्षं मी समजत होते की आपण एक आहोत. मी ठरवते आणि मी करते. आता दिसत होतं की ठरवणारी एक आहे, तोऱ्यात राहणारी, आणि करणारं दुसरंच कुणीतरी आहे, ते तिचं ऐकून घेतं, मान डोलावतं आणि आपलं काम उरकून मोकळं होतं. माझी साखरही तेच खात असणार. आणि तो पायही वाईट नव्हता हो, पंचाईत तीच होती. रस्त्यावर कधी खरंच कुणी मध्ये आलं तर त्यानंच वाचवायचं होतं, त्यासाठीच तर तो ब्रेक बसवलेला. त्याला बांधून ठेवणं हा उपाय नव्हता. खरी गरज कुठली आणि नुसती त्याची घाई कुठली, हे निवडायला मला मध्ये थोडी जागा हवी होती, आणि जागा कुठे होती? डोळ्यांना दिसलं आणि पाय पडला, यांच्यामध्ये सुई शिरेल एवढीही फट मला सापडत नव्हती.

लहानपणी मला पोहायला शिकवलं ते वडिलांच्या मित्रानं. तो पाण्यात छातीएवढा उभा राहायचा आणि माझ्या पोटाखाली तळवा धरायचा. "मार हात, मार पाय, मी आहे." एक दिवस मी हातपाय मारत तलावाच्या पलीकडे पोचले आणि वळून पाहिलं तर तो मागेच राहिलेला, हात वर करून हसत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्याचा राग आला होता, आणि तो राग मी कुणालाच सांगितला नाही. तळवा कधी काढला ते मला कळलं नव्हतं. म्हणजे पोहलेली मी नेमकी कुठपासून, हे मला कधीच कळणार नव्हतं. निम्म्या अंतरापासून? शेवटच्या हातभर पाण्यात? की तो तळवा नुसताच पाण्यात होता, मला न लागता, सुरुवातीपासून? इतक्या वर्षांनी, गिरणीच्या आवारात, भाजीच्या वासात, ती शंका पुन्हा वर आली. आणि वाटलं, माझ्याकडे शिकून गेलेल्या माणसांना तर ही शंका घ्यायचीही सोय मी ठेवलेली नाही.

मग मी दात आवळायचं सोडलं. आवळून काही होत नाही हे दिसतच होतं. त्याऐवजी मी त्या पायाला पकडायचं ठरवलं, चोराला पकडतात तसं नव्हे, मांजर कुठून घरात येतं ते बघतो तसं. पाय पडायचा तर पडो, पण त्याच्या आधी काय होतं तेवढं पाहायचं. पहिले दोन दिवस काहीच हाती लागलं नाही. मग एकदा हॉर्नवाले गाडी वळवत होते, समोरून हातगाडी आली, पाय पडला आणि पडता पडता मला जाणवलं की पोटरी त्याच्या आधी घट्ट झाली होती. पुढच्या वेळी मी पोटरीवर लक्ष ठेवलं, तर पोटरीच्या आधी श्वास थांबतो हे सापडलं. श्वासाच्या मागावर गेले, आणि एका दुपारी सापडलं ते इतकं क्षुल्लक होतं की मी गाडीतच हसले. पाय दाबायच्या आधी, पोटरीच्या आधी, श्वासाच्याही आधी, माझी जीभ वर जाऊन टाळूला चिकटते. बस्स. एवढंच. गोळी गिळताना लावतो तशी. सगळा कारभार तिथून सुरू होत होता, आणि तोंड तर मी जन्मभर बरोबर घेऊन फिरत होते. जीभ टाळूला लागली की मला क्षणभर कळायचं, आता येणार. त्या क्षणात मी काही करायची नाही, फक्त जीभ परत खाली सोडून द्यायची. कधी कधी तेवढ्यानं उठलेला पाय परत जागेवर जायचा. कधी पडायचाच. पण आता फट दिसली होती, आणि मला दिवसभर तिच्याशीच खेळावंसं वाटू लागलं.

तिच्याशी खेळायला गेले आणि दुसरंच काही सापडलं. नवऱ्याचा चष्मा बदलायचा होता, म्हणून आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, तिनं त्याच्या डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट लावली आणि भिंग सरकवून विचारलं, "काका, स्पष्ट कशात दिसतं? आधीच्यात की आताच्यात?" आणि माझी जीभ टाळूला लागली. मी चमकले. इथे तर ब्रेक नव्हता. जीभ लागली आणि तोंडातून शब्द निघालाही, "आताच्यात." ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "काकू, काकांना दिसतंय ना?" बाजूला बसलेला एक माणूस खोकल्यासारखं हसला. तिनं पुन्हा विचारलं. नवऱ्यानं त्या चौकटीतून माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे मोठे, आणि वाट बघत राहिला. माझ्या उत्तराची! माझी जीभ पुन्हा वर गेली, मी ती खाली सोडली, पुन्हा वर गेली, पुन्हा सोडली. खोलीत पंखा फिरत होता. एवढा वेळ त्याला कुणी दिलाच नसावा, कारण तोही गोंधळला होता. शेवटी तो म्हणाला, "आधीच्यात." मग जरा थांबून, "मागच्या खेपेलाही आधीच्यातच दिसत होतं." "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तू बोललीस ना." रागानं नाही, साधंच सांगितलं त्यानं, पाऊस पडून गेला म्हणावं तसं. म्हणजे गेली दोन वर्षं हा माणूस माझ्या उत्तरातून जग बघत होता. मला रडू आलं. त्या मुलीनं कागदी रुमालाचा डबा पुढे केला, तिला वाटलं औषधाचे थेंब माझ्याच डोळ्यांत गेले की काय.

ग्रंथपालबाईंबरोबर मी त्यानंतर गंभीरपणे जीभ सोडायला लागले, आणि परिणाम काय झाला तर गाडी थांबेना. म्हणजे थांबायची, पण रेघेच्या पुढे, एकदा तर टायरांना जाऊन मऊ टेकली. त्या बावरल्या. "मॅडम, ब्रेक बिघडलाय," त्या म्हणाल्या. "नाही हो." "नाही कसं, पूर्वी नुसता पाय ठेवला की लागायचा. आता दाबावा लागतो." मी आरसा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी त्या घरून येतानाच ठरवून आल्या होत्या. "तुमचे दीर गॅरेजवाले आहेत ना, त्यांना दाखवून घ्या. परीक्षेत असं झालं तर माझं काही खरं नाही." त्यांच्या आवाजात काळजी होती, गाडीची, माझी, सगळ्यांची. एवढी भली बाई, आणि ती ब्रेकची क्षमा मागत असल्यासारखी स्टीअरिंगवर हात फिरवत होती. आता हे झाकून ठेवणं म्हणजे सरळ सरळ फसवणं झालं असतं. मी त्यांना माझ्या बाजूला बोलावलं आणि ते चकचकीत लोखंड दाखवलं. दांडा कसा जोडलाय तेही हातानं दाबून दाखवलं. त्यांच्या बाजूचा ब्रेक आपोआप खाली गेला. त्या वाकून बघत राहिल्या.

"म्हणजे मी थांबतच नव्हते," त्या म्हणाल्या. "पाय ठेवत होतात तुम्ही. त्यानंतरचं मी करत होते. मलाही माहीत नव्हतं, खरंच सांगते." "दोनदा नापास झाले मी." "हो." "तुम्ही म्हणालात, मन घट्ट करा. मी घरी आरशासमोर उभी राहून मन घट्ट करत होते, मॅडम. बहीण हसायची मला. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे, बुद्धी म्हणा, धीर म्हणा." त्यांचा आवाज चढला आणि मला बरं वाटलं, म्हणजे निदान ओरडा तरी, असं झालं होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. त्या चालत गिरणीच्या फाटकापर्यंत गेल्या, तिथे उभ्या राहिल्या, पर्स उघडली, मिटली. मला वाटलं गेल्या. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की त्यांच्या मागे जावं, त्यांना समजवावं, उद्या कुठल्या वेळेला यायचं ते ठरवून टाकावं, रिक्षा थांबवून द्यावी. जीभ टाळूला नुसती चिकटली नव्हती, दाबून बसली होती. मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिले. ऊन पाठीवर चांगलंच लागत होतं. त्या परत आल्या आणि शिकणाऱ्याच्या सीटवर बसल्या. "चला," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "आता फक्त थांबणं शिकवा."

आणि त्या शिकल्या. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, त्यांच्या पायानं शिकल्या. सुरुवातीला धाडकन थांबायच्या, माझं डोकं पुढे जायचं, मग हळूहळू दाब त्यांच्या पायात मुरायला लागला. पण एक वेगळीच विचित्र गोष्ट मागे लागली. गाडी रेघेवर नीट थांबली की त्या मान वळवून माझ्या पायाकडे बघायच्या. "हे तुम्ही की मी?" "तुम्ही." "नक्की?" "अहो, माझे पाय इकडे आहेत बघा." मी पाय मांडी घालून सीटवर घेतले तरी त्यांची खात्री पटेना. "तुम्हाला तरी कुठे माहीत असतं," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं ते. मीच सांगितलं होतं, मलाही माहीत नव्हतं. आता माझ्या 'नाही'ला काय किंमत? रस्त्यावर सिग्नलला, चौकात, उतारावर, त्या उत्तम थांबत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तीच शंका, माझी तलावातली. परीक्षेला त्या शंकेसकट जाणं म्हणजे पुन्हा रेघेच्या पुढे. पाय ठेवून त्या वाट बघणार, माझी. मी मनात म्हटलं, माझा पाय सुधारला तरी उपयोग नाही, माझा पाय तिथे आहे हेच नडतंय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही आवारात होतो. त्यांनी भिंतीच्या अलीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर गाडी थांबवली, अगदी सुरेख, आणि मान वळवली. त्या विचारणार त्याच्या आत मी दार उघडून खाली उतरले. "काय झालं?" "काही नाही. मागे घ्या, आणि पुन्हा या." "एकटी?" "इथे कोण आहे दुसरं? कावळे आहेत." "मॅडम, मला नाही जमणार." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांकडून ऐकलंय की त्याला माझं उत्तर तयार असतं, 'जमतं हो, काही होत नाही'. ते उत्तर मी दिलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं जमेल की नाही, आणि त्या न माहीत असण्यात मला एवढं काहीतरी ताजं वाटत होतं की माझंच मला नवल वाटलं. मी दार लावलं. सीटवर माझी पर्स होती, ती त्यांनी उचलून मागे ठेवली. मग गाडी मागे गेली, लांब, आवाराच्या त्या टोकाला, तिथून ती बरीच लहान दिसत होती.

ती निघाली तेव्हा मी भिंतीच्या बाजूला, टायरांपासून थोडी लांब उभी होते. दुसऱ्या गिअरचा आवाज आला. मला वाटलं त्या त्यातच येतील, तर तिसरा पडला. अगं बाई, तिसरा कशाला? जीभ टाळूला लागली. सोडली. गाडी मोठी व्हायला लागली, काचेवर ऊन होतं, आतलं माणूस दिसत नव्हतं. पोटरी घट्ट झाली, श्वास अडकला, मला सगळं क्रमानं दिसत होतं, आणि एवढं सगळं दिसूनही माझा पाय शेवटी पडलाच. मातीत. चपलेसकट मी जमीन दाबली, जीव खाऊन, टाच वर उचलून. मी आयुष्यात एवढ्या जोरानं ब्रेक दाबला नसेल. आणि गाडी येतच राहिली. माझ्या दाबण्याचा तिला पत्ताही नव्हता. पांढरा पट्टा जवळ येईपर्यंत ती तशीच आली, मग तिचं नाक थोडं खाली झुकलं, आणि मी थांबवली असती त्याच्या बऱ्याच पुढे, पण पट्ट्याच्या अलीकडे, बाईंना जिथे हवी होती तिथे ती उभी राहिली. धूळ पुढे निघून गेली. पाय अजून जमिनीवर दाबलेलाच होता, मी तो उचलून बाजूला ठेवला.

काच खाली गेली. मला वाटलं त्या माझ्याकडे बघतील, विचारतील, पण त्यांनी आधी शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. मग खाली, तिथल्या ब्रेककडे. तिथेही कुणी नव्हतं. बराच वेळ त्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या, आणि मला काही इलाज नव्हता, बाहेरून तेवढं बघत राहण्यापलीकडे. मग त्या हसल्या, माझ्यासाठी नव्हे, आतल्या आत काहीतरी वाचून हसावं तशा. मी गाडीकडे पाऊल टाकलं. "मॅडम," त्या ओरडल्या, हात बाहेर काढून मला अडवत, "तुम्ही तिथेच थांबा हं. मी आणखी एकदा येते." गिअर मागचा पडला. 'सावकाश' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. गाडी मागे मागे जात लहान होत गेली तरी तो तसाच तोंडात होता, आणि मी उन्हात उभी होते.